नांदेड व लातूर येथील पोथ्यांची संगणकसूची : तिच्या मंदगतीचीं कारणें व उपाय

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील मठ, देवस्थानें आणि जुनीं घराणीं यांच्या संग्रहांतील पोथ्यांची व मोडी कागदांची यादी संगणकावर उतरविण्याचें काम गेल्या कांहीं वर्षांपासून निरनिराळ्या हातांनीं चालू आहे. शाळेच्या सेवेंतून निवृत्त झाल्यावर आमचाही या कामास अल्पसा हातभार लागला. पोथी पाहावी, पत्रें मोजावीं, आदि व अंत उतरून घ्यावा, पुष्पिकेंतील शक ताडून पाहावा, हें आमच्या नित्याच्या परिचयाचें काम; संगणकाची विद्या मात्र आम्ही साठीनंतर, आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांपाशीं बसून शिकलों. त्या शिक्षणाचें प्रयोजन कसें पडलें तें प्रथम सांगणें अवश्य आहे.

सुमारें दोन वर्षांपूर्वीं एक अभ्यासक विवेकसिंधूच्या एका खंडित पोथीचा उत्तरार्ध शोधीत आमच्याकडे आले. पूर्वार्ध उदगीर येथील एका घरीं होता व त्याची नोंद आमच्या यादींत होती. उत्तरार्धाची चौकशी करतां यंत्र बराच वेळ घुटमळलें आणि शेवटीं नोंद नसल्याचें उत्तर मिळालें. अभ्यासक परत गेले. पुढें चार महिन्यांनीं दुसरेंच कांहीं शोधीत असतां तोच उत्तरार्ध आमच्याच यादींत सांपडला. पूर्वार्धाच्या नोंदींत ‘उदगीर, जि. लातूर’ असें होतें. उत्तरार्धाची नोंद एका जुन्या हस्तलिखित यादीवरून उतरलेली असल्यामुळें तींत ‘उदगीर, जि. बीदर’ असें राहिलें होतें, आणि ग्रंथनामही ‘विवेकसिन्धू’ असें पडलें होतें. आम्ही त्या घरीं गेलों, तों वाडा पाडून नवें बांधकाम सुरू झालेलें. माळ्यावरील दप्तर कोणाच्या हवालीं गेलें हें घरांतील कोणासच सांगतां येईना.

त्या वेळीं आम्हांस मिळालेला सल्ला असा कीं, यंत्र जुनें झालें, मोठा सर्व्हर घ्यावा. वर्गणी जमविण्याची भाषाही सुरू झाली. परंतु थोडा हिशेब केला असतां या सल्ल्यांतील फोलपणा दिसून येतो. समजा, दोन्ही जिल्ह्यांतील मिळून एक लक्ष पोथ्यांची यादी झाली, आणि प्रत्येक नोंदीस दोन हजार अक्षरस्थानें, म्हणजे दोन किलोबाइट, लागलीं. तर सारी यादी सुमारें दोनशें मेगाबाइटांत बसते. आजच्या साध्या लॅपटॉपच्या स्मरणांत ती संपूर्ण मावून वर पुष्कळ जागा उरेल. इतकी लहान यादी जर रेंगाळत असेल, तर दोष यंत्राचा नसून नोंद करणाराचा व प्रश्न विचारणाराचा आहे, असें आमचें मत झालें, आणि पुढील अनुभवानें तें दृढ झालें. संग्राहक वाचकांपैकीं अनेकांनीं अशीच कामें हातीं घेतलीं असल्यामुळें हा विषय त्यांच्यापुढें मांडीत आहों.

आरंभ मुळापासून केला पाहिजे. आज ज्यास रिलेशनल डेटाबेस म्हणतात, म्हणजे परस्परसंबद्ध कोष्टकांचा संग्रह, त्याची कल्पना एडगर कॉड या गणितज्ञानें आय्. बी. एम्. या कंपनीच्या सेवेंत असतां १९७० सालीं एका निबंधांत मांडली. तिचें सार असें: प्रत्येक प्रकारच्या वस्तूचें एक कोष्टक असावें, पोथ्यांचें निराळें, गांवांचें निराळें, ग्रंथकारांचें निराळें, प्रत्येक ओळीस एक ओळखक्रमांक असावा, आणि एका कोष्टकांतील ओळीनें दुसऱ्यांतील ओळीचा निर्देश तिचें वर्णन पुनः न लिहितां केवळ त्या क्रमांकानें करावा. ‘उदगीर’ हा शब्द, त्याचा तालुका, जिल्हा व जुनीं नांवें हें सर्व एकदांच लिहावें. पोथीच्या नोंदींत फक्त उदगीरचा क्रमांक यावा.

संस्कृतज्ञ वाचकांस हें नवें वाटूं नये. पाणिनीची अनुवृत्ति ती हीच. कारकाचा अधिकार एकदां सांगितला, कीं पुढील सूत्रांत तो पुनः सांगण्याची गरज नाहीं. सूत्र लहान राहतें, आणि बदल करावयाचा झाल्यास एकाच ठिकाणीं करावा लागतो. आमची मूळ यादी एक्सेलच्या एकाच लांबलचक पत्रकांत होती व प्रत्येक ओळींत गांव, तालुका, जिल्हा, मालक, ग्रंथकार हें सर्व पुनः पुनः लिहिलेलें होतें. ‘उदगीर’ शेंकडों ठिकाणीं लिहिलें गेलें व त्यांतील कांहीं ठिकाणीं तें बीदरांत राहिलें, हें अनुवृत्ति सोडल्याचें फळ होय.

ओळखक्रमांक कसा असावा याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें प्राप्त आहे, कारण आमच्या प्रांतीं ही गोष्ट इतर ठिकाणांपेक्षां अधिक जाचक आहे. कित्येक याद्यांत पोथीच्या क्रमांकांतच जिल्ह्याचें व तालुक्याचें अक्षर घालण्याची रीत दिसते. आतां पाहा: १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली तेव्हां उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यांतून निघून मुंबई राज्यांत आले व उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. किनवट आदिलाबादेंतून नांदेडांत आलें. उलट मुधोळ व भैंसा हा भाग नांदेडांतून आदिलाबादेंत गेला आणि २०१६ पासून तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यांत आहे. १९८२ सालीं उस्मानाबादेपासून लातूर जिल्हा वेगळा झाला. १९९९ त परभणीपासून हिंगोली. आणि २०२३ त उस्मानाबादेचें नांव धाराशिव झालें. म्हणजे उदगीरच्या एकाच घरांतील एकाच फडताळांतील पोथी, जागेवरून न हलतां, बीदर, उस्मानाबाद व लातूर अशा तीन जिल्ह्यांत नांदली. जो क्रमांक जिल्ह्यावर उभारलेला असेल तो प्रत्येक वेळीं खोटा होईल, आणि तो बदलूं गेल्यास त्या क्रमांकाचा निर्देश करणारीं सर्व कोष्टकें बदलावीं लागतील.

याच्या उलट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील शासकीय हस्तलिखितसंग्रहाचें उदाहरण घ्यावें. तेथें पोथीचा निर्देश ‘अमुक वर्षाच्या संग्रहांतील अमुक क्रमांक’ असा करतात. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर यांनीं ज्या वर्षीं पोथी मिळविली तें वर्ष कधींही बदलत नाहीं. १९१८ सालीं तो सारा संग्रह डेक्कन कॉलेजांतून भांडारकर मंदिरांत आला. इमारत बदलली, संस्था बदलली, परंतु जुन्या ग्रंथांतून दिलेले क्रमांक आजही लागू पडतात. ओळखक्रमांक असा स्थिर हवा. गांव, जिल्हा, मालक हें सर्व बदलणारें. तें क्रमांकांत न घालतां स्वतंत्र कोष्टकांत, केव्हांपासून केव्हांपर्यंत या तारखांसह, ठेवावें.

आतां शोधाच्या गतीकडे वळूं. यंत्र आपल्या तबकडीवरून एक ओळ उचलीत नाहीं; तें एक पृष्ठ उचलतें. पोस्टग्रेस या विनामूल्य मिळणाऱ्या व आम्हीं वापरलेल्या डेटाबेसमध्यें हें पृष्ठ आठ किलोबाइटांचें असतें. आम्ही याला रुमाल समजतों, कारण दफ्तरखान्यांतही एक कागद हवा असला तरी सबंध रुमाल सोडावा लागतो. वर धरलेल्या मापानें एका रुमालांत चार नोंदी बसतात; म्हणून एक लक्ष नोंदींचे पंचवीस हजार रुमाल झाले. अनुक्रमणी नसेल तर एका पोथीसाठीं हे सर्व सोडून पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं.

असा सर्वशोध केवढा पडतो याचें अगदीं अलीकडील उदाहरण आमच्याच भागांत घडलें. ७ सप्टेंबर २०२३ च्या शासननिर्णयानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें मराठवाड्यांतील निजामकालीन महसुली व इतर कागदांत कुणबी नोंदी शोधल्या. कागद उर्दू व मोडी. एक कोटीहून अधिक अभिलेख तपासावे लागले आणि पहिल्या अहवालापर्यंत ११,५०० हून अधिक नोंदी मिळाल्या. त्या नोंदींवरून निघणाऱ्या सामाजिक व राजकीय प्रश्नांशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. आमच्या विषयापुरतें इतकेंच पाहावें कीं, त्या कागदांना नांवनिहाय अनुक्रमणी नव्हती, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालणें भाग पडलें. हजार पानांमागें जेमतेम एखादी नोंद हातीं लागली. यांत शोधणारांचा दोष नाहीं. जेथें अनुक्रमणी नाहीं तेथें दुसरा मार्गच नसतो.

अनुक्रमणी म्हणजे काय हें औफ्रेख्तच्या कॅटलोगस कॅटलोगोरम् या ग्रंथावरून (भाग १८९१, १८९६, १९०३), किंवा मद्रास विद्यापीठानें १९३५ त हातीं घेतलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीवरून वाचकांस ठाऊक आहे. ग्रंथनामें अकारादि क्रमानें, आणि प्रत्येकापुढें कोणत्या सूचींत कोणत्या क्रमांकावर पोथी आहे याचा संकेत. पोथी तेथें नाहीं. पोथीचा पत्ता आहे. संगणकाची इंडेक्स तशीच असते, मात्र ती पायऱ्यापायऱ्यांची केलेली असते. ही रचना रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्राइट या दोघांनीं शोधली व तिजवरील त्यांचा निबंध १९७२ त प्रसिद्ध झाला. एका पृष्ठांत दोनशें नांवें व पुढील पृष्ठांचे पत्ते बसतात असें धरलें, तर पहिल्या पायरीवर २००, दुसरीवर ४०,००० आणि तिसरीवर ८० लक्ष नोंदींपर्यंत पोंचतां येतें. म्हणजे आपल्या एक लक्ष नोंदींतील हवी ती, अनुक्रमणीचे तीन रुमाल व मूळ नोंदीचा एक, असे चार रुमाल सोडून मिळते. पंचवीस हजारांच्या ठिकाणीं चार! मोठें यंत्र घेऊन गति चौपट होईल. अनुक्रमणीनें ती हजारों पटींनीं होते.

मग सर्वच रकान्यांची अनुक्रमणी कां करूं नये? आमच्या एका उत्साही साहाय्यकानें तसें केलेंही. परिणाम असा झाला कीं, एक नोंद चढवितांना यंत्रास वीस अनुक्रमण्या दुरुस्त कराव्या लागूं लागल्या आणि नोंदी चढविण्याचें काम मंदावलें. ज्या रकान्यावर प्रश्न विचारले जातात त्याचीच करावी. पत्राची लांबीरुंदी कोणी विचारीत नाहीं. ग्रंथ, ग्रंथकार, गांव, शक, लिपि हें सर्व विचारतात. दोन रकान्यांची जोड-अनुक्रमणी करतांना क्रमाचा विचार अवश्य करावा: आधीं गांव व मग शक अशी केल्यास ‘कंधार येथील शके १६०० नंतरच्या पोथ्या’ तत्काळ मिळतात, परंतु गांव न सांगतां केवळ शक विचारला तर तिचा विशेष उपयोग होत नाहीं.

अनुक्रमणी असूनही ती निरुपयोगी होण्याचे प्रसंग येतात, आणि आमचा खरा घात येथेंच झाला होता. पहिला प्रसंग शेवटच्या अक्षरांवरून शोधण्याचा. ‘...माहात्म्य’ या पदानें संपणारीं सर्व ग्रंथनामें द्या, असें विचारल्यास अकारादि अनुक्रमणी कांहीं करूं शकत नाहीं. मोल्स्वर्थच्या कोशांत ‘पण’ नें संपणारे शब्द काढावयाचे म्हटल्यास सगळा कोश चाळावा लागेल, तसेंच हें. यासाठीं नांव उलट अक्षरांनीं लिहून त्याची निराळी अनुक्रमणी करतां येते, किंवा नांवाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून त्यांची करतां येते. मधल्या शब्दावरून शोधण्यास दुसरी रीत अधिक सोयीची.

दुसरा प्रसंग लेखनभेदाचा. ‘सिंधु’ व ‘सिन्धु’, ‘पंढरी’ व ‘पण्ढरी’, ऱ्हस्व-दीर्घांची लेखकांनीं केलेली मनसोक्त अदलाबदल, हें आम्हांस नवें नाहीं. परंतु डोळ्यांस अगदीं एकसारखें दिसणारें अक्षरही यंत्रांत दोन तऱ्हांनीं साठविलें जाऊं शकतें, हें मात्र आम्हांस ठाऊक नव्हतें. ‘ऱ’ हें अक्षर एकाच संकेतानें लिहितां येतें, तसेंच ‘र’ व त्याखालील नुक्ता अशा दोन संकेतांनींही लिहितां येतें. कळफलक बदलला कीं लेखन बदलतें, आणि यंत्र दोहोंस भिन्न समजतें. यावर आम्हीं प्रथम असा उपाय केला कीं, प्रश्न विचारतेवेळीं प्रत्येक नोंदीचें नांव एकरूप करून मग ताडून पाहावें. उत्तर बरोबर येऊं लागलें, पण फार उशिरां. कारण अनुक्रमणी मूळ नांवाची होती, एकरूप केलेल्या नांवाची नव्हती, म्हणून यंत्र तिला बाजूस सारून प्रत्येक वेळीं सगळे रुमाल सोडीत बसे. खरा उपाय असा: पोथींत आहे तसें नांव एका रकान्यांत अक्षरशः ठेवावें, त्यास हात लावूं नये, शेजारीं ‘शोधरूप’ असा दुसरा रकाना करून त्यांत परसवर्णाच्या ठिकाणीं अनुस्वार, इकार-उकार एकाच मापाचे, असें एकरूप नांव नोंद चढवितांनाच लिहून ठेवावें, आणि अनुक्रमणी त्याची करावी. पाठ व शोधरूप यांची गल्लत करणारानें हें काम करूं नये, इतकें कडक बोलण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

कालनिर्देशाचेंही असेंच. आमच्या भागांतील कागदांवर शक असतो, संवत्सर असतो, हिजरी असतो, निजामी अमलांतील फसली असतो, आणि काव्यांत कधीं ‘नेत्रवसुरसभू’ सारखे शब्दांक असतात, ज्यांतून अंकांच्या वामगतीनें १६८२ हा शक निघतो. शकांत ७८ मिळवावे, दक्षिणी फसलींत सुमारें ५९०, हिजरी चांद्र असल्यामुळें त्यास कोष्टकच हवें. हें गणित प्रत्येक प्रश्नाच्या वेळीं लाख नोंदींवर करण्यापेक्षां नोंदीच्या वेळीं एकदां करून इसवी सन निराळ्या रकान्यांत ठेवावा. मूळ निर्देश अर्थात् जसाच्या तसा राहील.

येथपर्यंत एका कोष्टकाचा विचार झाला. कोष्टकें अनेक झालीं म्हणजे तीं जोडण्याचा प्रश्न येतो. लाख पोथ्या व दोन हजार गांवें यांची जुळणी अनुक्रमणीवांचून करूं गेल्यास वीस कोटी तुलना होतात. कोणतें कोष्टक आधीं उघडावें, अनुक्रमणी वापरावी कीं सर्वशोध करावा, याची योजना यंत्र स्वतः करतें. खर्चाचा अंदाज घेऊन योजना निवडण्याची ही विद्या आय्. बी. एम्. मध्येंच पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांचे सहकारी यांनीं १९७९ सालच्या निबंधांत मांडली. ती योजना आपणांस पाहतांही येते: प्रश्नाच्या आधीं ‘एक्सप्लेन’ हा शब्द लिहिला कीं यंत्र उत्तराऐवजीं आपला बेत सांगतें. आम्हांस वाटतें, सूची करणाऱ्या प्रत्येकानें हा एक शब्द तरी शिकावा. मंद प्रश्नाची चिकित्सा येथूनच सुरू होते. नाडी न पाहतां मात्रा देणें बरें नव्हे. यंत्राचा अंदाज जुन्या गणतीवर चालतो, यास्तव एकदम हजारों नोंदी चढविल्यावर गणती ताजी करण्याची आज्ञा देणें अवश्य.

आमच्या यादीची नाडी पाहिली तेव्हां आणखी दोन दोष दिसले. एक असा कीं, शंभर पोथ्यांची यादी दाखवितांना आमचा कार्यक्रम आधीं शंभर पोथ्या मागे आणि मग प्रत्येकीच्या मालकाचें नांव स्वतंत्र प्रश्नानें मागे. एका कामासाठीं एकशें एक फेऱ्या. शिपायास शंभर चिठ्ठ्या एकदम न देतां एकेक देऊन फडताळाकडे पिटाळावें, तसा हा प्रकार. दोन्ही कोष्टकें जोडून एकच प्रश्न विचारल्यावर तो दोष गेला. दुसरा असा कीं, पत्रांचीं छायाचित्रें नोंदीच्या कोष्टकांतच कोंबलेलीं होतीं व कार्यक्रम दर वेळीं तीं सगळीं बाहेर काढी. छायाचित्रें बाहेर निराळ्या कपाटांत ठेवावीं आणि नोंदींत त्यांचा पत्ता असावा. या दोन दुरुस्त्या दोन संध्याकाळांत झाल्या, व सर्व्हराची वर्गणी वांचली.

आतां अनुवृत्तीचा नियम मोडण्याचाही एक प्रसंग सांगितला पाहिजे. सूत्रपाठ कितीही सुबक असला तरी विद्यार्थ्यास प्रत्येक सूत्रासाठीं मागील पदें गोळा करणें जड जातें. म्हणून काशिकाकारांनीं वृत्ति लिहून प्रत्येक सूत्राचा पूर्ण अर्थ जागेवरच दिला. भट्टोजी दीक्षितांनीं तर सिद्धांतकौमुदींत सूत्रांचा क्रमच बदलून प्रक्रियेस सोयीचा केला. पण क्रम बदलतांच अनुवृत्ति तुटली, म्हणून वृत्तींत पदें पुनः लिहिणें त्यांस भाग पडलें. डेटाबेसांतही नित्य विचारला जाणारा प्रश्न, उदाहरणार्थ ‘गांववार पोथ्यांची संख्या’, याचें उत्तर आधींच जुळवून साठवितां येतें. वाचन जलद होतें, पण मूळ बदललें कीं ही वृत्ति शिळी होते व नवी करावी लागते. आमचा अनुभव असा कीं, सूत्रपाठ शुद्ध झाल्यावांचून वृत्तीच्या मागें लागूं नये.

शेवटीं विस्ताराचा प्रश्न. लाख नोंदींस एक यंत्र पुरतें हें सांगितलेंच. परंतु प्रत्येक पोथीचीं सरासरी शंभर पत्रें व प्रत्येक पत्राच्या दोन बाजू धरल्यास पृष्ठनोंदी दोन कोटी होतात, आणि प्रत्येक छायाचित्र पांच मेगाबाइटांचें असल्यास चित्रांचा भार दहा कोटी मेगाबाइटांवर जातो. येथें विभागणी लागते. जिल्हावार विभागावें असें प्रथम कोणासही सुचेल. आम्हांसही सुचलें होतें. पण वरील जिल्ह्यांची कथा आठवावी: जिल्हा बदलला कीं नोंद एका विभागांतून दुसऱ्यांत न्यावी लागणार. शिवाय नांदेड शहराचा विभाग फुगणार व एखादा दुसरा रिकामा राहणार. दत्तजयंतीच्या सुमारास माहूरच्या संग्रहाची विचारपूस वाढली कीं एकाच विभागावर सगळा ताण. पृष्ठनोंदी पोथीच्या स्थिर क्रमांकावरून विभागाव्या, म्हणजे एका पोथीचीं सर्व पत्रें एकत्र राहतात व भारही सारखा वाटला जातो. पुढेंमागें विभाग निरनिराळ्या यंत्रांवर ठेवावे लागले, तरी पोथी व तिचीं पत्रें एकाच यंत्रावर असावीं. गांवें, लिप्या यांचीं लहान कोष्टकें प्रत्येक यंत्रावर नकलून ठेवावीं. दोन यंत्रांवरील कोष्टकें जोडणें हें दोन गांवांच्या दफ्तरांतून एक हकीकत जुळविण्याइतकेंच कष्टाचें आहे. म्हणून हा उपाय सर्वांत शेवटीं.

वाचणारे पुष्कळ व लिहिणारे थोडे असल्यास नकला कराव्या: लेखन एकाच मूळ प्रतींत व्हावें, वाचन नकलांवरून. नकल मूळामागें क्षणभर राहते, यास्तव आतांच चढविलेली नोंद नकलेंत न दिसल्यास घाबरूं नये. परंतु दुरुस्ती फक्त मूळांतच करावी. ज्यानें त्यानें आपापली नकल सुधारली म्हणजे काय होतें हें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या इतिहासावरून दिसतेंच; बाराशेंहून अधिक हस्तलिखितें पाहून ती सिद्ध करण्यास १९१९ पासून १९६६ पर्यंतचा काळ लागला.

आमच्या कामांत याहून नित्याची अडचण निराळीच आहे. खेड्यांतील मठांत जाळें मिळत नाहीं, वीजही जाते. म्हणून नोंद तेथें लॅपटॉपवर, एस्क्यूलाइट या लहान डेटाबेसमध्यें करून मागाहून मूळांत मिळवितों. नांदेडकडील व लातूरकडील अशा दोघांनींही एकाच दिवशीं ५०१ हा क्रमांक दिला तर मिळवितांना एक नोंद दुसरीस खाऊन टाकते. तसें एकदां झालेंही. आतां प्रत्येक लेखकास क्रमांकांची निराळी पट्टी आधींच नेमून देतों, आणि मूळांत एखादी नोंद दुरुस्तीस उघडून चहाला उठून जाण्यास मनाई केली आहे, कारण तेवढा वेळ ती नोंद इतरांस अडकून राहते.

सध्यां उदगीर, अहमदपूर, निलंगा, किनवट येथील गांवांचें कालनिर्देशयुक्त कोष्टक पुरें करणें चालू आहे. ज्या उत्तरार्धामुळें हा सर्व खटाटोप झाला तो अद्याप मिळालेला नाहीं. जुन्या यादींतील नोंदीवरून त्याचें वर्णन असें: पत्रें ४३ पासून पुढें, अंत पूर्ण, देवनागरी, पुष्पिकेंत शके १६८२ विक्रमनाम संवत्सर, समासांत तांबड्या शाईचीं शोधपत्राक्षरें. ही पोथी कोणा संग्राहकाच्या हातीं आली असल्यास त्यांनीं पूर्वार्धाशीं ताडून पाहण्याची संधि द्यावी. पूर्वार्ध उदगीरच्या त्याच घराण्यांत, नव्या इमारतींत, सुरक्षित आहे.